पिचली, टिचली, तडकली : काचेतल्या आणि खड्यांतल्या दोषांची मराठी

(उल्हासनगर कॅम्प ४ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय कळवला तेव्हा मालेच्या कार्यकर्त्यांनी फोन करून खात्री करून घेतली, ‘काचेतलेच दोष ना?’ व्याख्यानमालेत माणसांतले दोष चालतात, समाजातले तर फारच चालतात. पण काचेतले दोष ऐकायला संध्याकाळी घर सोडून कोण येणार, ही त्यांची शंका रास्त होती. पण ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर काच आणि दगड यांच्याबद्दल बोललेलं चालेल, अशा भरवशावर मी विषय रेटला.

माझी सगळी नोकरी काचेच्या बाटल्या तपासण्यात गेली. बाटलीतलं काय चांगलं आहे हे मला कुणी कधी विचारलं नाही. काय वाईट आहे, ते कुठे आहे आणि कशामुळे आलं, एवढंच विचारलं गेलं. त्या सवयीतून भाषेकडे पाहताना एक गोष्ट लक्षात आली, तीच आज मांडतो. एखाद्या वस्तूतल्या खोटींना भाषेत किती आणि कसली नावं आहेत, यावरून त्या भाषेच्या माणसांनी त्या वस्तूशी कोणतं काम केलं ते कळतं. वापरणाऱ्याचे शब्द वेगळे, विकत घेणाऱ्याचे वेगळे आणि घडवणाऱ्याचे वेगळे. काचेच्या बाबतीत मराठीकडे वापरणाऱ्याचे शब्द भरपूर आहेत. रत्नांच्या बाबतीत आपल्याकडे घेणाऱ्याचे शब्द आहेत, दगडाच्या बाबतीत घडवणाऱ्याचे. काच घडवणाऱ्याचे शब्द मात्र बोलले गेले आणि हवेत विरले.

वापरणाऱ्याची काच

घरापासून सुरुवात करू. कपाची कड टिचते. बरणीचा टवका उडतो. आरशाला तडा जातो. चष्म्याच्या काचेवर चरे पडतात. कंदिलाची चिमणी तडकते. बांगडी पिचते. यांतला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा, मराठी कानाला लगेच खटकेल. चरा म्हणजे वरवरचा, काचेच्या अंगात न शिरलेला. टवका म्हणजे कडेचा तुकडा निघाला, पण वस्तू शाबूत आहे. तडा आरपार जातो, तरी दोन्ही भाग जागेवर राहतात. तडकणं बहुधा उष्णतेचं असतं आणि त्याला आवाज असतो. पिचणं सगळ्यांत सूक्ष्म. पिचलेली बांगडी हातात असते, डोळ्यांना धड दिसते, पण इतर बांगड्यांवर आपटली की बद्द वाजते. आणि ती एकदाची तुटली, तर ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. कासाराकडे बांगड्या भरताना बायकांना हे सगळे भेद ठाऊक असतात. साहित्य तपासणीच्या कुठल्याही नियमपुस्तकात असावं तितकं हे वर्गीकरण काटेकोर आहे.

आरशाचं उदाहरण गमतीचं आहे. आरसा जुना झाला, मागून काळे डाग पडले की आपण म्हणतो, पारा उडाला. पूर्वीच्या आरशांना मागून कथिल आणि पारा यांचा थर असे, तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. काचेवर रासायनिक रीतीने चांदीचा थर चढवता येतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये दाखवलं आणि पुढे आरशांतून पारा गेला. आता कडेने ओल शिरते, मागचा रंग सुटतो आणि चांदी काळी पडते. उडायला पारा उरलेला नाही, पण दोषाचं नाव टिकून आहे.

कंदिलाची चिमणी तडकते ती का? काचेतून उष्णता सावकाश सरकते. ज्योतीकडची बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची थंडच असते. आतली बाजू पसरू पाहते, बाहेरची जागा सोडत नाही. त्यात चिमणी एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ असली किंवा वर पाण्याचा थेंब पडला, की संपलं. एके काळी घराघरांत जाणारा प्रभाकर कंदील बनवणाऱ्या ओगले बंधूंचा कारखाना कराडजवळ, ओगलेवाडीला १९१६ मध्ये उभा राहिला. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग काढण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे भट्टी पेटवायला आले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं मराठी माणूस काच वितळवतो आहे. चिमणी वापरणाऱ्याने तिला ‘तडकली’ म्हटलं. ती घडवणाऱ्याने काय म्हटलं असेल? या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ.

घेणाऱ्याचा हिरा

रत्नांच्या दोषांची नावं आपल्याला संस्कृतातून मिळाली आणि ती फार जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोषात घ्यायच्या रत्नांची परीक्षा सांगणारं प्रकरण आहे. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केली, म्हणून तो आपल्या घरचाच समजायला हरकत नाही. मण्यांचे दोष त्यात असे दिले आहेत : रंग आणि तेज मंद असणं, आत वाळूसारखे कण असणं, बारीक छिद्रं असणं, तुकडा निघालेला असणं, भोक वाईट पाडलेलं असणं आणि अंगभर रेघा असणं. या यादीत एक बारकावा आहे. कण आणि छिद्रं ही मण्याची जन्मखोट. वाईट पाडलेलं भोक हा मात्र कारागिराचा दोष, त्यात मण्याचा काय अपराध? कोषाध्यक्षाला या भेदाचं काही नाही. त्याला खजिन्यात काय घ्यायचं आणि काय परत पाठवायचं एवढंच ठरवायचं आहे. विकत घेणाऱ्याची दृष्टी ती हीच.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचा अध्याय लिहिला. हिरे कुठले आणि कुठल्या रंगाचे, हे सांगताना काळसर हिरे त्याने शूर्पारकाचे म्हटले आहेत. शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. इथून लोकलने जाता येईल अशा गावाचं नाव चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या हिऱ्यांच्या यादीत आहे. सोपारा हे बंदर होतं, खाण नव्हे. म्हणजे या यादीतलं नाव व्यापाऱ्याच्या तोंडचं आहे, खाणवाल्याच्या नाही. पुढे वराहमिहिर दोष सांगतो : काकपद, माशी, केस, खडीचे कण, डागाळलेपण, गढूळपणा, बुडबुडा, तुटलेलं टोक, चपटा आकार. आणि लगेच हिशेब करतो, असा दोष असला तर किंमत एक अष्टमांशाने उतरते. नंतरच्या रत्नशास्त्रांनी मळ, बिंदू, यव, रेषा आणि काकपद हे हिऱ्याचे पाच दोष पक्के केले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा राजविद्येचा कोश रचला, त्यातही रत्नपरीक्षा आहे. प्रत्येक दोषाला या परंपरेने किंमतही लावली आणि भीतीही लावली : अमुक दोषाने धन जातं, तमुक दोषाने माणूस जातो. घासाघीस करताना ही भीती घेणाऱ्याच्या बाजूने उभी राहते.

काकपद म्हणजे काय ते जवळून बघू. एका बिंदूतून तीन-चार बारीक चिरा फुटलेल्या, ओल्या मातीत कावळ्याचं पाऊल उठावं तशा. हिऱ्याच्या आत ताण असलेल्या जागी किंवा आतल्या परक्या कणाभोवती अशी चीर जाते. आज मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारात जा. तिथे दहापट दाखवणारं भिंग डोळ्याला लावून माणसं तीच चीर पाहतात आणि तिला ‘फेदर’ म्हणतात, म्हणजे पीस, कारण ती पांढुरकी आणि पिसासारखी पसरलेली दिसते. कावळ्याचं पाऊल गेलं, पीस आलं. पक्षी काही हटला नाही. भिंगाखालच्या या शब्दांत ढग आहे, सुई आहे, टाचणीचं टोक आहे, गाठ आहे. अमेरिकेतल्या रत्नसंस्थेने गेल्या शतकाच्या मध्याला घालून दिलेल्या प्रतवारीत निर्दोष हिऱ्यापासून डोळ्यांना खोट दिसणाऱ्या हिऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या आहेत. सराफाच्या जाहिरातीतलं ‘व्हीव्हीएस’ ही त्यांतलीच एक जोडी. वराहमिहिराचा अष्टमांश आणि आजची अकरा पायऱ्यांची शिडी यांच्यामागचा हेतू एकच आहे, भाव ठरवणं.

सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या हिरेखाणींवर गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने आपल्या प्रवासवर्णनात इथल्या पारख्यांची रीत लिहून ठेवली आहे. युरोपातले लोक दिवसाउजेडी हिरा पाहत. इथले पारखी रात्री पाहत. भिंतीत चौकोनी कोनाडा करून त्यात दिवा ठेवायचा आणि कच्चा खडा चिमटीत धरून त्या एका उजेडात फिरवायचा. तिथल्या कारागिरांबद्दलही तो सांगतो : खडा स्वच्छ असेल तर ते त्याला फारसा हात लावत नाहीत, आत डाग किंवा कण असेल तर वर पैलूच पैलू पाडून तो झाकतात. पुष्कळ पैलू पाहून भुलू नये, हा धडा खड्यापुरताच नाही, पण आपण विषय सोडायला नको.

भाव ठरवण्यापलीकडे दोषाचा दुसरा उपयोगही आहे : अस्सल आणि नक्कल ओळखणं. आपल्या गावावरचा जुना विनोद तुम्हाला माहीत आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. १९४९ च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींनी या निर्वासित छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं. लष्कराच्या बराकींत संसार मांडलेल्या माणसांनी हाताला लागेल ते बनवून विकलं, आणि बाहेरच्यांनी नक्कल म्हणून चेष्टा केली. नक्कल ओळखावी कशी? रत्नांच्या जगात याचं उत्तर मोठं विलक्षण आहे. दोष नसेल तर संशय घ्यायचा. कोलंबियाच्या पाचूत सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्या पोकळीत पाणी, मिठाचा स्फटिक आणि वायूचा बुडबुडा असे तिघे एकत्र सापडतात. पाचूच्या आतल्या या गर्दीला फ्रेंच लोकांनी बाग म्हटलं. काही माणकांत बारीक सुयांचं जाळं असतं, त्याला रेशीम म्हणतात. खडा फार तापवला की ते विरघळतं, म्हणून रेशीम शाबूत असलेलं माणिक फार तापवलेलं नाही, असं धरता येतं. फ्रान्समध्ये व्हर्नेय याने १९०२ मध्ये ज्योतीत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. त्याच्या माणकाचं रसायन खऱ्या माणकाचंच, पण आतल्या वाढीच्या रेघा वक्र. निसर्गातल्या खड्यात त्या सरळ आणि कोनात असतात. आणि निव्वळ रंगीत काच माणिक म्हणून गळ्यात मारली असेल तर आतला गोल गरगरीत बुडबुडा चुगली करतो. अलीकडे तर तडे गेलेल्या माणकात शिशाची काच भरून तडे झाकतात आणि भरताना अडकलेले बुडबुडे पाहून पारखी ते ओळखतात. म्हणजे घेणाऱ्याला ज्या गोष्टीमुळे किंमत पाडायची असते, तीच गोष्ट खड्याचा जन्मदाखलाही असते.

घडवणाऱ्याचा दगड

आता दगडाकडे वळू. त्यासाठी अंबरनाथला जाऊ या, फार लांब नाही. वालधुनी नदीच्या काठावरचं शिवमंदिर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मध्ये पूर्ण झालं, असं तिथल्या शिलालेखावरून कळतं. ते आपल्या काळ्या बेसाल्टात बांधलेलं आहे. बेसाल्ट कोरणाऱ्यापुढे एक अडचण असते. हा दगड लाव्हारसातून झालेला आहे. दख्खनचे हे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरले. प्रत्येक थर निवताना त्यातला वायू वर निसटू पाहत होता आणि जो निसटला नाही त्याने दगडात पोकळ्या ठेवल्या. आत घट्ट, वरच्या बाजूला पोकळ्याच पोकळ्या, असा हा दगड. मूर्तीच्या नाकाशी अशी पोकळी आली तर महिन्याची मेहनत वाया.

म्हणून शिल्पग्रंथांनी दगडाचे दोष नेमके सांगितले : रेषा, बिंदू, कलंक, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गर्भ, आत दडलेली परकी वस्तू. ती वरून दिसावी म्हणून दगडाला लेप लावून परीक्षा करण्याच्या रीती दिल्या. पाथरवट आजही सोपी परीक्षा करतो. हातोडी मारून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर दगड एकसंध, बद्द वाजला तर आत भेग. किंवा पाणी ओततो. बाकीचा दगड सुकतो आणि भेगेच्या रेघेत ओल मागे राहते. दगडातली शीर, भेग, पोकळी, कपचा हे शब्द पाथरवट आणि वडार वापरतात. त्यांना किंमत पाडायची नसते. छिन्नी कुठे लावायची आणि कुठे नाही, हे ठरवायचं असतं.

हीच भेग विहीर खणणाऱ्याला विचारा. घट्ट काळा फत्तर लागला की त्याचा चेहरा पडतो, कारण घट्ट दगडात पाणी नाही. पोकळ्यांचा मांजऱ्या खडक किंवा चिरा गेलेला थर लागला की तो खूश. मूर्तिकाराची खोट ही विहिरीची कमाई. तिसरा माणूस खनिजं गोळा करणारा. त्याच पोकळ्यांत नंतर पाणी झिरपलं, विरघळलेले घटक घेऊन आलं आणि लक्षावधी वर्षांत तिथे स्फटिक वाढले : स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट. आपल्याच रेल्वेमार्गावर, बोरघाटात एकोणिसाव्या शतकात बोगदे खोदले गेले तेव्हा असे सुंदर स्फटिक निघाले आणि परदेशांतल्या संग्रहालयांत गेले. पुण्याजवळ वाघोलीचा निळा कॅव्हान्साइट जगभरचे संग्राहक ओळखतात. सिन्नरच्या संग्रहालयाचं नावच ‘गारगोटी’. बांधकामाच्या दगडातला दोष तिथे काचेच्या कपाटात ठेवलेला आहे.

या संग्राहकांपुढचा प्रश्न निराळा असतो. स्फटिक काढताना तो कुठे मोडला आणि कसा मोडला? इथे शास्त्राची मराठी उपयोगी पडते. मराठी विश्वकोशात कोणत्याही खनिजाची नोंद उघडा : पाटन, भंजन, कठिनता, चमक, कस असे शब्द ओळीने दिसतात. पाटन म्हणजे ठरावीक पातळीवर सरळ फुटण्याची प्रवृत्ती. अपोफिलाइट एका पातळीवर इतका सहज फुटतो की बेताने हाताळावा लागतो. भंजन म्हणजे पाटन नसलेल्या जागी वाटेल तसं फुटणं. गार आणि काच शिंपल्यासारख्या वक्र लाटांनी फुटतात, त्याला शंखाभ भंजन असा शब्द आहे. विश्वकोशाच्या कामात, वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली हे शब्द घासूनपुसून रूढ झाले. ते बोजड आहेत असं आपण सहज म्हणतो. पण ‘तुटला’ या एका शब्दात जे दोन वेगळे प्रकार दडतात, ते पाटन आणि भंजन या दोन शब्दांत सुटे होतात. एवढं काम करणारा शब्द दोन दिवसांत तोंडी बसतो.

भट्टीपुढची काच

आता माझ्या कारखान्यात या. वाळू, सोडा आणि चुनखडी यांचं मिश्रण भट्टीत पंधराशे अंशांच्या आसपास वितळतं. सोडा आणि चुनखडी तापली की कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो वायू दाट रसातून वर येऊन निघून गेला पाहिजे. राहिला तर बाटलीत बुडबुडा. अगदी बारीक बुडबुड्यांना इंग्रजीत ‘सीड’ म्हणतात, मोठ्याला ‘ब्लिस्टर’. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हात जे घडलं तेच इथे काही तासांत घडतं. तिथे त्याचं संग्रहालय झालं, इथे बाटली भंगारात.

दुसरा दोष खडा. भट्टीच्या भिंतीतली वीट झिजून तिचा कण काचेत आला किंवा वाळूचा दाणा न वितळता राहिला, तर तो ‘स्टोन’. तो दिसायला टाचणीच्या डोक्याएवढा असतो, पण त्याचं आणि काचेचं आकुंचन सारखं नसतं. बाटली निवते तेव्हा त्याच्याभोवती ताण धरून राहतो आणि कधीतरी तिथूनच चीर जाते. तिसरा दोर, ‘कॉर्ड’ : काचेच्या रसात थोड्या वेगळ्या रचनेचा पट्टा नीट मिसळला नाही, तर आरपार पाहताना लाटेसारखा दिसतो. दुर्बिणीच्या भिंगात हा दोष म्हणजे सगळ्यावर पाणी. स्विस कारागीर ग्विनांने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वितळलेली काच ढवळण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे मोठी निर्दोष भिंगं होऊ लागली.

चौथा दोष आमच्या खात्यात सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितला जाई : बर्डस्विंग. बाटली फुगवताना आतल्या दोन भिंती क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि सुटताना मध्ये काचेचा तंतू ताणला जातो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पक्ष्याच्या झोपाळ्यासारखा. बाटलीत औषध किंवा सरबत भरलं की तो मोडून पेयात पडतो आणि कुणाच्या तरी घशात जाऊ शकतो. म्हणून हा दोष दिसला की मशीनच्या त्या साच्यातून निघालेला अख्खा माल अडवायचा. माझ्याबरोबर कल्याण-बदलापूरकडची, उत्तर प्रदेशातली, आंध्रातली माणसं होती. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत असत आणि दर मिनिटाला शेकड्यांनी सरकणाऱ्या त्या रांगेत हा तंतू ओळखणारा डोळा त्यांच्याकडे होता. तोंडात शब्द मात्र बर्डस्विंग, चेक, सीड, कॉर्ड.

या शब्दांचा एक विशेष आहे. रत्नाच्या शब्दांप्रमाणे ते ‘किंमत किती उतरली’ हे सांगत नाहीत. ते ‘कुठे जाऊन काय दुरुस्त करायचं’ हे सांगतात. सीड म्हटलं की भट्टीवाला तापमान आणि मिश्रण पाहतो. स्टोन म्हटलं की विटा पाहतो. बर्डस्विंग म्हटलं की साचेवाला धावतो. चेक, म्हणजे बाटलीच्या तोंडाशी उठलेली बारीक चीर, म्हटलं की गरम काचेला थंड लोखंड कुठे लागतंय ते शोधतो. दोषाचं नाव आणि दोषाचं कारण एकाच शब्दात बांधलेली ही परिभाषा आहे.

एक रेघ मुद्दाम मारलेली

विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला काचेच्या दुकानात कधी थांबून पाहा. कारागीर टेबलावर काच आडवी टाकतो, फडक्याने पुसतो. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवतो. पट्टी लावतो आणि एका दमात, सारख्या दाबाने एकच रेघ ओढतो. बारीक करकर आवाज येतो. मग खालून हलकासा ठोका आणि दोन्ही हातांनी दाब. काच त्या रेघेवर सुरीने कापल्यासारखी सुटते. नवशिका हमखास त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवतो. कारागीर त्याच्यावर खेकसतो, कारण दुसऱ्या फेरीत रेघेच्या कडा चुरतात, चीर भलतीकडे पळते आणि कटरचंही चाक खराब होतं.

त्या कारागिराला जे हाताने कळतं ते इंग्रज अभियंता ग्रिफिथ याने १९२१ मध्ये गणिताने मांडलं. काचेचे अणू एकमेकांना जितकं घट्ट धरून असतात त्या मानाने काच फारच कमी जोरात फुटते. का? कारण तिच्या पृष्ठभागावर आधीपासून सूक्ष्म चिरा असतात. ओढ लागली की सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो, टोक पुढे सरकतं, आणखी ताण गोळा होतो. काच कापणं म्हणजे काचेला हवी तिथे, हवी तेवढी एक खोट देणं आणि बाकी काम तिच्याकडूनच करून घेणं. दोषावर प्रभुत्व मिळवणं यापेक्षा वेगळं काय असतं?

याच्या उलट गोष्ट कडक काचेची, म्हणजे टफन्ड ग्लासची. ती तापवून झटकन गार करतात, त्यामुळे बाहेरचा थर दाबाखाली राहतो आणि आतला ताणाखाली. वर बारीक चरे पडले तरी दाबामुळे ते पुढे सरकत नाहीत. पण आत निकेल सल्फाइडचा एक कण असला तर? तापलेल्या काचेत हा कण आकसलेल्या रूपात असतो आणि काच झटकन गार केल्याने त्याच रूपात अडकून पडतो. पुढे महिन्यांनी, वर्षांनी तो सावकाश थंड काचेत स्थिर राहणाऱ्या रूपाकडे जातो आणि फुगतो, दोन-चार टक्केच, पण ताणाखालच्या आतल्या थराला तेवढं पुरतं. रात्री, कुणी हात न लावता, अख्खं तावदान दाण्यादाण्यांत कोसळतं. तपासणारा मग त्या ढिगात फुटीची सुरुवात शोधतो. तिथे दोन जरा मोठे तुकडे शेजारी शेजारी सापडतात, फुलपाखराच्या पंखांसारखे, आणि त्यांच्या मधल्या रेषेवर तो कण. हा धोका टाळायचा म्हणून कारखान्यात काच मुद्दाम पुन्हा काही तास तापवतात. ज्यांना फुटायचं आहे त्या तिथेच फुटतात. तुमच्या नव्या इमारतीच्या गॅलरीला काचेचा कठडा असेल तर बिल्डरला एवढं जरूर विचारा : ही काच अशी तापवून तपासली आहे का?

लिहून ठेवायचं काम

आता मघाशी मागे ठेवलेला प्रश्न. तळेगावच्या आणि ओगलेवाडीच्या भट्ट्यांपुढे उभ्या असलेल्या माणसांनी बुडबुड्याला, खड्याला, दोराला काहीतरी म्हटलंच असणार. दिवसभर एकमेकांना ओरडून सांगायचं तर शब्द लागतोच. परिभाषा कोश झाले, विश्वकोश झाला, भाषा संचालनालय झालं, पण त्या कामगारांच्या तोंडचा शब्द त्यांत क्वचितच पोहोचला. त्याचं कारण कोशकारांचा आळस हे नाही. कोश लिहिणारे आणि भट्टीपुढे उभे राहणारे यांची गाठ पडली नाही, हे आहे. बांगडी पिचल्याचा शब्द टिकला, कारण बांगडी घराघरांत होती. काकपद टिकलं, कारण राजाच्या कोषात हिरे होते आणि पंडिताने लिहून ठेवलं. शीर आणि भेग टिकली, कारण पाथरवटांच्या पिढ्यान् पिढ्या एकाच दगडावर हात चालवत राहिल्या. काचकामगाराला यांतलं काहीच मिळालं नाही. कारखाने बंद पडले, माणसं निवृत्त झाली, शब्द त्यांच्याबरोबर गेले. मराठीत काच घडवण्याची परिभाषा नाही, असं आपण म्हणतो तेव्हा दोष भाषेवर ढकलतो. दोष नोंदीचा आहे, भाषेचा नाही.

मराठी शुद्ध राखण्याचं आवाहन करायला मी आलेलो नाही. कॅम्प ४ मध्ये एका चाळीत मराठी, सिंधी, हिंदी आणि तेलुगू एकाच वेळी ऐकू येतात. इथे तयार होणारा कामाचा शब्द मिश्रच असणार आणि तसाच तो लिहिला पाहिजे. ‘चेक’ असेल तर चेक लिहा, ‘खडा’ असेल तर खडा.

या सभागृहात अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत काम केलेले, काचेच्या आणि आरशांच्या दुकानांत उभे राहिलेले, फर्निचर, चष्मे, दागिने अशा धंद्यांतले लोक आहेत. त्यांना आणि इथल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत एक काम द्या. प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एका कारागिराकडे बसावं आणि वहीत तीन रकाने करावेत : तो दोषाला काय म्हणतो, दोष वस्तूत नेमका कुठे असतो, आणि त्याच्या मते तो कशामुळे येतो. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका, कारण कारागिराचं खरं ज्ञान त्यातच असतं. पुढच्या वर्षीच्या मालेत त्या वह्या या टेबलावर आल्या तर मी व्याख्यान द्यायला येणार नाही, त्या वाचायला येईन.